थेम्सकाठचे बसवण्णा

लंडनला शिकायला आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही तिघे मित्र लॅम्बेथ पूल ओलांडून थेम्सच्या काठावर आलो. पलीकडे ब्रिटिश पार्लमेंट, अलीकडे बागेत आपले बसवण्णा! १४ नोव्हेंबर २०१५ रोजी या पुतळ्याचे अनावरण झाले. बाराव्या शतकात अनुभवमंटपात सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांना एकत्र बसवून बोलते करणारे बसवण्णा पार्लमेंटसमोरच शोभतात. धारवाडचा मित्र कन्नडमध्ये सांगत होता, मी ते पुण्याच्या मित्राला मराठीत. बेळगावात ज्या दोन भाषांवरून ताणाताणी होते, त्यांनीच इथे परकेपण घालवले.

संध्याकाळी घरून फोन आले. त्याची आई म्हणाली, "ऊटा आयता?" माझी म्हणाली, "जेवलास काय रे?" उत्तर द्यायला दोघांनाही जरा वेळ लागला.