परतीच्या तिकिटावर दोन नावं

परवा आमच्या भिशीत विषय निघाला मुलांच्या कॉलेजांचा. दहावी-बारावीच्या आया एकत्र जमल्या की दुसरं काय निघणार म्हणा! बोलता बोलता समोरच्या वहिनी मला म्हणाल्या, "तुम्ही बाई धीराच्या. एकुलती एक मुलगी, आणि ती धाडलीत मुंबईला, तीही पाद्र्यांच्या कॉलेजात!" मी नुसती हसले. भिशीत सगळं थोडंच सांगता येतं? पण घरी आल्यावर वाटलं, लिहून काढावं. एखादीच्या तरी उपयोगी पडेल.

आमचं घर अगदी साधं. ह्यांचं चाटी गल्लीत कापडाचं लहानसं दुकान. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी. ती मराठी माध्यमात शिकलेली. २०१६ साली बारावीला कला शाखेत तिला चांगले गुण मिळाले आणि तिनं जाहीर केलं, "आई, मला मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकायचंय." तोवर मी झेवियर्सचं नाव ऐकलं होतं ते सुनील गावस्कर आणि शबाना आझमी यांचं कॉलेज म्हणून. आपल्यासारख्यांच्या मुली तिथं जातात, हे डोक्यातच आलं नव्हतं.

घरात वादळ उठलं. ह्यांचं म्हणणं, सोलापुरात काय कॉलेजं कमी आहेत? आता तर २००४ पासून आपलं स्वतःचं विद्यापीठसुद्धा आहे! सासूबाईंना वेगळीच धास्ती. "मिशनरी लोक ते, पोरीला बाटवतील." त्यातच नात्यातलं एक बरं स्थळ सांगून आलेलं. म्हणजे आगीत तेलच.

माझी बाजू मी कुणाला सांगितली नव्हती. संगमेश्वर कॉलेजात मराठी घेऊन मी बी. ए. झाले. पुढं पुण्याला जाऊन एम. ए. करायचं मनात होतं. वडील म्हणाले, "पुरे झालं." आणि खरंच तिथंच ते पुरं झालं. त्याच बी. ए.त मी वाचलं होतं की फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्यानं आपल्या मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं आणि ते १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये काढलं तेही ह्याच जेझुइट संघाच्या पाद्र्यांनी. ही माहिती मी सासूबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "पुराण लिहिलं ते आपल्यासाठी का त्यांच्यासाठी?" प्रश्न काही चुकीचा नव्हता!

मग मी ह्यांच्या ओळखीच्या एका वकिलांना विचारलं. त्यांनी समजावलं की आपल्या घटनेच्या ३०व्या कलमानं अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवायचा हक्क आहे. म्हणूनच तिथं निम्म्या जागा ख्रिस्ती मुलांसाठी असतात, आणि बाकीच्यांना उरलेल्या जागांसाठी चढाओढ करावी लागते. पण २८वं कलम असंही सांगतं की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही, त्याच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. हे ऐकून सासूबाई जरा निवल्या. आणि आमच्या कन्येला तिथं कोणता विषय खुणावत होता, ठाऊक आहे? प्राचीन भारतीय संस्कृती! त्यावर सासूबाई गप्पच झाल्या.

मैत्रिणींनो, आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. झेवियर्स हे विद्यापीठ नव्हे, कॉलेज आहे. २०१० पासून ते स्वायत्त झालं, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची. कॅथलिकांचं खरोखरीचं विद्यापीठच हवं असेल, तर बंगळूरचं ख्राइस्ट आहे. १९६९ मध्ये कॉलेज म्हणून सुरू झालं आणि २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सोलापूरवरून उद्यान एक्स्प्रेस थेट बंगळूरला जाते, शिवाय आपल्याकडं घरोघरी कानडी कळतं. तेव्हा तोही विचार करायला हरकत नाही. मुंबईत नुसतं मुलींचंच कॉलेज हवं असेल, तर सोफिया आहे, १९४० सालचं. तेही कॅथलिक जोगिणींनी काढलेलं.

तर जूनमध्ये तिला प्रवेश मिळाला. बी. ए.चा वर्ग अनुदानित, त्यामुळं कॉलेजची फी आम्ही धरली होती त्यापेक्षा पुष्कळच कमी निघाली. कंबर मोडली ती राहण्या-जेवणानं. मुलींच्या एका वसतिगृहात सोय झाली. माझ्या दोन बांगड्या त्या वर्षी गेल्या. ह्यांनी हूं की चूं केलं नाही, पण आठ दिवस माझ्या हातांकडं बघायचं टाळलं.

शेंगाचटणी, कडक भाकरी आणि एक चादर बांधून दिली नि पोर गेली. पहिले दोन महिने फोनवर सगळं "छान" होतं. ऑगस्टमध्ये तिथं 'मल्हार' नावाचा विद्यार्थ्यांचा मोठा महोत्सव असतो. तो झाला, आणि एका रात्री साडेदहाला फोन वाजला. "आई, मला घेऊन जा. मला इथं कुणी काही विचारलं की तोंडच उघडत नाही. सगळे इंग्रजीत हसतात गं. मी कधी हसायचं तेसुद्धा मला कळत नाही."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ह्यांना म्हटलं, "मी जाऊन येते." हे म्हणाले, "घेऊनच ये. ते स्थळ अजून थांबलंय." मी स्टेशनवर जाऊन जातानाचं एक तिकीट काढलं आणि परतीच्या तिकिटावर दोन नावं घातली. माझं आणि तिचं.

सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईला पोचली. कॉलेज स्टेशनपासून पायी जाण्याइतकं जवळ. जुन्या काळ्या दगडाची इमारत, कमानी, मधे चौक. पोर समोर आली ती निम्मी झालेली. तिच्या एका प्राध्यापक बाई आमच्याजवळ येऊन बसल्या आणि माझ्याशी चक्क मराठीत बोलल्या. "पहिल्या सहामाहीत पुष्कळ मुलांचं असं होतं," त्या म्हणाल्या. "इंग्रजी यायला वेळ लागतो, पण येतं. तिची विचार करायची रीत चांगली आहे, ती शिकवून येत नाही." तिनं रोज एक पान इंग्रजीत लिहून आणावं, आपण ते तपासून देऊ, असंही त्यांनी सांगितलं. मनातलं बोलायला समुपदेशक आहेत, तिकडं जायला लाजू नकोस, असंही म्हणाल्या.

मग आम्ही दोघी चौकातल्या एका बाकावर बसलो. मी पर्समधून परतीचं तिकीट काढून तिच्या हातावर ठेवलं. आणि माझ्या एम. ए.ची गोष्ट तिला पहिल्यांदा सांगितली. रडले नाही, अगदी साधेपणानं सांगितली. म्हटलं, "मला कुणी विचारलं नव्हतं. मी तुला विचारते. आज रात्री चल, नाहीतर राहा. घरी कुणी तुला बोल लावणार नाही, ते मी बघते."

ती बराच वेळ तिकिटाकडं बघत बसली. मग म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांबते."

रात्री गाडीत तिकीट तपासनीस आले. "दुसऱ्या बाई?" त्यांनी विचारलं. "त्या नाही येणार," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते कशाचं होतं ते अजून मला नीट सांगता येत नाही. घरी गेल्यावर चार दिवस अबोला सोसावा लागला, तो सोसला.

दिवाळीला ती आली आणि परत गेली. लगेच काही जादू झाली नाही. पहिल्या सहामाहीत गुण बेताचेच पडले. पण तिथल्या मराठी वाङ्मय मंडळात तिला मैत्रिणी मिळाल्या. पदवी मिळायच्या आत प्रत्येक मुलामुलीनं ६० तास समाजकार्य करायचं, असा त्यांच्याकडं नियम होता. तिच्या गटाला एका वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायला पाठवलं. गटातल्या फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलींना तिथल्या बायकांशी दोन वाक्यं धड बोलता येईनात. बोलली ती आमची पोर! आपल्या सोलापुरी मराठीत, आणि कानडी घरातून आलेल्या एका आजीशी मोडक्या कानडीत. त्या दिवशी फोनवर तिचा आवाज वेगळाच होता. "आई, आज सगळ्याजणी माझ्यामागं उभ्या होत्या," ती म्हणाली.

मग हळूहळू त्या कॉलेजाचं वैभव तिच्याकडून आम्हाला कळत गेलं. फादर हेरास नावाच्या स्पॅनिश पाद्र्यानं भारताच्या इतिहासाच्या संशोधनासाठी १९२६ मध्ये तिथं संस्था काढली. ते पुढं भारताचे नागरिक झाले, आणि १९८१ मध्ये आपल्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. वाळवून जपलेल्या लाखांवर वनस्पतींचा ब्लॅटर संग्रह १९०६ सालचा. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून वेगळं केंद्र आहे. सासूबाई हे सगळं ऐकायच्या आणि शेजारी जाऊन दुप्पट करून सांगायच्या!

२०१९ मध्ये कॉलेजला दीडशे वर्षं झाली, त्याच वर्षी ती पदवीधर झाली. आज ती पुण्यात नोकरी करते. धर्म बदलला नाही. देवपूजाही फारशी करत नाही म्हणा, पण त्याला पाद्री जबाबदार नाहीत, आमच्या ह्यांच्यावर गेलीय!

तेव्हा मुलीला अशा ठिकाणी धाडायचं असेल, तर आधी चार गोष्टी विचारून घ्या. अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित? कारण फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपल्या मुलीसाठी खुल्या जागा किती? मुलींच्या राहण्याची सोय कॉलेजची की बाहेर शोधायची? आणि इंग्रजीत मागं पडलेल्या मुलीला हात द्यायला कुणी आहे का? धर्माची चौकशी ह्या चारांनंतर केली तरी चालेल.

ते परतीचं तिकीट रद्द करायचं राहूनच गेलं. तिच्या जागेचे पैसे बुडाले. ते तिकीट माझ्या कपाटात, बांगड्यांच्या रिकाम्या डबीत आहे. ह्यांना दोनदा सापडलं, दोन्ही वेळा त्यांनी ते होतं तिथंच ठेवून दिलं.