चाळीस कदम

आमच्याकडे शनिवारी रात्री जेवणानंतर ऑडिटोरियममध्ये चित्रपट दाखवतात. युद्धपट असला की पुढच्या रांगांसाठी धावाधाव होते. गेल्या जुलैत पडद्यावर 'द हंड्रेड-फुट जर्नी' हे नाव आलं आणि यात एकही गोळी सुटणार नाही हे कळल्यावर मागच्या रांगांतली मुलं झोपायच्या तयारीला लागली. सकाळची क्रॉस कंट्री अजून पायांत होती. मीही डोळे मिटणारच होतो. जागा राहिलो तो एका आडनावामुळे.

चित्रपटातलं कुटुंब मुंबईचं आणि त्याचं आडनाव कदम. आमच्या सेक्शनमध्येही एक कदम आहे, पक्का साताऱ्याचा. पडद्यावरच्या नायकाचं नाव हसन कदम आहे म्हटल्यावर हॉलमध्ये एकच हशा पिकला, आणि त्या बिचाऱ्याला पुढचा आठवडाभर सगळे हसनभाई म्हणून हाक मारत होते. त्यात आम्ही परेडवाले. 'कदम ताल' हे शब्द आमच्या कानांवर दिवसातून किती वेळा पडतात ते उस्तादांनाच विचारा.

गोष्ट थोडक्यात अशी. मुंबईत निवडणुकीनंतरच्या दंगलीत कदमांचं हॉटेल जाळलं जातं आणि त्या आगीत आई जाते. वडील मुलांना घेऊन आधी इंग्लंडला जातात, मग युरोपात फिरत राहतात. फ्रान्सच्या दक्षिणेला एका गावाजवळ त्यांच्या गाडीचे ब्रेक निकामी होतात आणि वडील त्याच गावात एक बंद पडलेलं हॉटेल विकत घेतात. रस्त्याच्या बरोबर पलीकडे मॅडम मॅलरीचं मिशलिन स्टार मिळवलेलं रेस्टॉरंट. दोन दारांमध्ये अंतर शंभर फूट. वडील म्हणजे ओम पुरी आणि मॅडम म्हणजे हेलन मिरेन. पुढे काय होणार हे सांगायला नकोच.

ते शंभर फूट मी दुसऱ्या दिवशी परेड ग्राउंडवर चालून पाहिले. ड्रिलमध्ये आमचा एक कदम ३० इंचांचा, म्हणजे बरोबर ४० कदम. तेज चलमध्ये मिनिटाला १२० कदम पडतात, म्हणजे हे अंतर २० सेकंदांचं. ते ओलांडायला चित्रपटातल्या माणसांना दोन तास लागतात.

मी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. त्यामुळे कुठलाही चित्रपट पाहताना माझे कान आधी तालवाद्यांकडे जातात. याचं संगीत ए. आर. रहमान यांचं. 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी २००९ साली दोन ऑस्कर घेणारे रहमान. मला वाटलं, आता भांडण सुरू झालं की ढोल दणाणणार. तसं काही झालं नाही. हॉटेलातली गाणी मोठ्यानं वाजतात, मॅडमची त्याबद्दल तक्रारही असते, पण ती गाणी गोष्टीतल्या लोकांसाठी. आपल्यासाठी जे वाजतं ते पाठीमागे, व्हायोलिन, चेलो अशा तारवाद्यांचं, इतकं हलकं की लक्ष दिलं नाही तर वाजतंय हेही कळू नये. खरं सांगायचं तर त्या रात्री मला ते जरा मिळमिळीत वाटलं. एवढा मोठा संगीतकार, आणि ड्रमरला कामच नाही!

सोमवारी बँड प्रॅक्टिसला मी हे सरांना बोलून दाखवलं. आमचे बँडमास्तर फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांना भाषण द्यायला आवडत नाही. त्यांनी ट्रम्पेटवाल्याला एक सूर धरायला सांगितला आणि मला म्हणाले, "आता आज दुपारच्या जेवणाचा मेनू सांग." मी सांगितला. माझं मलाच ऐकू आलं नाही. मग त्यांनी क्लॅरिनेटवाल्याला खालचा सूर हळू धरायला सांगितला. "आता सांग." या वेळी राजमा, भात, कोबी सगळं नीट ऐकू गेलं, आणि कोबी म्हणताना मागून कुणीतरी कण्हलं तेही.

"झालं," सर म्हणाले. "विनोदी चित्रपटात माणसं बोलत असतात. विनोद शब्दांत असतो, शब्द बुडाला तर विनोदही बुडाला."

म्हणून अशा चित्रपटांत ऑर्केस्ट्रा लहान ठेवतात. पितळी वाद्यं कमी. तारवाद्यं, बासरी, क्लॅरिनेट, पियानो हे जास्त. कुणी चोरपावलांनी निघालं असेल तर व्हायोलिनचा गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडतात. त्याला पिझिकाटो म्हणतात. तो टुपटुप आवाज आला की आता काहीतरी गंमत होणार हे लहान मुलालाही कळतं. पण याचाही अतिरेक होतो. पात्र पायरी उतरलं की सूर एक पायरी उतरला, पात्र धडपडलं की झांज वाजली. या प्रकाराला मिकी-माउसिंग असं नाव आहे, कार्टूनवरून पडलेलं. परेडला आम्ही तेच तर करतो, डावा पाय आणि बास ड्रमचा ठोका एकदम. परेडला ते हवंच. गोष्टीत मात्र प्रत्येक पावलावर ठोका पडला की माणसं बाहुल्या वाटायला लागतात.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. ऑस्करमध्ये १९९५ ते १९९८ या चार वर्षांच्या चित्रपटांसाठी विनोदी आणि संगीतप्रधान चित्रपटांच्या संगीताला वेगळं पारितोषिक होतं. नंतर ते बंद झालं. त्यातलं १९९६ सालच्या 'एमा'चं पारितोषिक रेचल पोर्टमन यांना मिळालं. संगीताचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला संगीतकार. त्याच पोर्टमनबाईंनी पुढे २००० साली 'शॉकोला'ला संगीत दिलं. त्यातही एक फ्रेंच गाव आहे, बाहेरून आलेली एक बाई तिथं दुकान थाटते आणि गाव नाक मुरडतं. दिग्दर्शक तेच, लासे हाल्स्ट्रॉम. म्हणजे त्याच दिग्दर्शकाच्या अशाच एका गावात १४ वर्षांनी चेन्नईचे रहमान येऊन बसले. स्वीडनचा दिग्दर्शक, इंग्लंडची नटी, अंबाल्याचे ओम पुरी. आमच्या डॉर्ममध्येही याहून वेगळं काय आहे?

पुढच्या वेळी मी चित्रपट पाहिला तो कानांनी. एक सोपा मार्ग रहमान यांना होता. भारतीय माणसं दिसली की सतार-तबला, फ्रेंच माणसं दिसली की अकॉर्डियन, आणि शेवटी दोन्ही एकदम. असे रंग अधूनमधून येतात, नाही असं नाही. पण माझ्या लक्षात राहिलं ते दोन्ही घरांच्या खालून वाहणारं तारवाद्यांचं संगीत. मॅडम खडूस वागते तेव्हा ते तिच्यावर डोळे वटारत नाही, आणि कदमांचे वडील हट्टाला पेटतात तेव्हा त्यांची बाजूही घेत नाही.

सगळ्यात चांगला प्रसंग पावसातला. मॅडमच्याच स्वयंपाकघरातला एक जण साथीदार घेऊन कदमांच्या हॉटेलला आग लावायला येतो. भिंतीवर 'फ्रान्स फ्रेंचांचा' असं लिहिलं जातं, हसनचे हात भाजतात. मॅडम त्या माणसाला कामावरून काढून टाकते, आणि मग भर पावसात स्वतः ब्रश घेऊन ती भिंत घासत बसते. इथं मोठा ऑर्केस्ट्रा उसळवून आम्हाला रडवणं सहज शक्य होतं. तसं केलेलं नाही. एक बाई भिंत पुसते आहे, एवढंच आपण बघतो.

मी हे सगळं डोक्यात घेऊन दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, आणि घरी आमचाही एक शंभर फुटांचा रस्ता तयार होता.

माझी ताई पुण्यात नोकरी करते. तिला तिच्या ऑफिसमधल्या एका मुलाशी लग्न करायचं आहे, आणि तो पालक्काडचा मल्याळी आहे. बाबा तोफखान्यात २६ वर्षं होते. केरळपासून नागालँडपर्यंतच्या लोकांबरोबर एका लंगरमध्ये जेवलेले. त्यामुळे त्यांची काही हरकत असेल असं ताईच्या स्वप्नातही नव्हतं. बाबा नाही म्हणत नव्हते, पण होही म्हणत नव्हते.

"मुलगा चांगला आहे, माझी ना नाही," ते म्हणायचे. "पण व्याह्यांशी बोलायचं कोणत्या भाषेत?"

"फौजेत काय मराठीच बोलत होता का?" आई म्हणाली.

"फौजेतलं वेगळं. तिथं सगळे ओरडून बोलतात."

यावर आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. ताई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही, आणि मला मात्र एकट्याला गाठून म्हणाली, "तू तरी त्यांना सांग." मी काय सांगणार? घरात मी सगळ्यात धाकटा, त्यातून वर्षातून दोनदा येणारा पाहुणा.

भाऊबीजेच्या रात्री मी तिला लॅपटॉप टीव्हीला जोडायला सांगितलं आणि हा चित्रपट लावला. काही डाव वगैरे नव्हता. निदान आईला तरी आवडेल असं वाटलं.

इथं सांगायला हवं की तोफांमुळे बाबांचे कान गेलेले आहेत. पूर्ण नाही. डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की अशा कानांना वरचे, बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात, जाड आवाज टिकून राहतात. त्यांना कानात घालायचं मशीन मिळालेलं आहे, पण ते कपाटाच्या खणात असतं, कारण ते घातलं की घरभर भांडी आपटल्यासारखं वाटतं म्हणे. मराठी ते आमच्या ओठांवरून निम्मंअधिक ओळखतात. आम्हाला इतकी सवय झालेली आहे की घरात कुणी याबद्दल बोलतही नाही.

चित्रपट सुरू झाला. ओम पुरी बोलले की बाबा खळखळून हसत. हेलन मिरेन बोलली की माझ्याकडे वळत, "काय म्हणाली रे?" मी सांगायचो. पुन्हा ओम पुरी, पुन्हा हसू. पुन्हा मॅडम, पुन्हा "काय म्हणाली?" अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की या भांडणातली एकच बाजू त्यांना ऐकू येते आहे. दुसरी बाजू मी सांगेन तेवढीच.

मी विचारलं, "मागचं संगीत येतंय का ऐकू?"

"येतंय की. मोठं व्हायोलिन आहे ना, ते."

म्हणजे चेलो. वरची व्हायोलिनं त्यांच्यासाठी नव्हतीच. ज्या हलक्या संगीताबद्दल मी सरांशी इतका वाद घातला होता, त्यातलं निम्मंच बाबांपर्यंत पोचत होतं, आणि ते मान किंचित पुढे काढून तेवढं मन लावून ऐकत होते. मला एकदम त्यांचं ते 'सगळे ओरडून बोलतात' आठवलं. पालक्काडच्या एखाद्या घरात, अनोळखी भाषेत, हळू आवाजात आणि आदरानं बोलणाऱ्या माणसांमध्ये बाबा बसले आहेत आणि शेजारी 'काय म्हणाले' सांगायला कुणी नाही, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. मी ताईकडे पाहिलं. ती मोबाइल बघत होती.

पावसातल्या प्रसंगात बाबांनी मला काहीच विचारलं नाही. पुढे हसन पॅरिसला जातो, मोठा शेफ होतो, आणि एका रात्री सोबतच्या माणसाच्या घरच्या डब्यातला घास खाताना त्याला रडू येतं. तिथं आईनं डोळे पुसले. मीही जरा पाणी प्यायला आत जाऊन आलो. होस्टेलमध्ये राहणाऱ्यांनी तो प्रसंग जपून बघावा.

चित्रपट संपला. पडद्यावर नावं वर सरकायला लागली, गाणं सुरू झालं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ताईला म्हणाले,

"त्याच्या वडलांचा आवाज कसा आहे गं? जाडाभरडा का किनरा?"

ताईला वाटलं ते चेष्टा करतायत. ती माझ्याकडे बघायला लागली. मी रिमोट उचलला आणि गाण्याचा आवाज बंद केला, म्हणजे तिचं उत्तर त्यांना नीट ऐकू जाईल.