आधी नाखवा, मग हॉर्सपॉवर

बोटीला किती हॉर्सपॉवरचं इंजिन घ्यावं, हा प्रश्न अमरावतीत बसून मला कोणी विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. पण माझा भाचा अकोल्यात दुचाकींचं गॅरेज चालवतो आणि सध्या मोबाइलवर वेकबोर्डिंगचे व्हिडिओ पाहतो. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर परवानगी मिळाली, तर हा खेळ सुरू करायचा त्याचा बेत आहे. बोट जुनी घ्यायची, मोटर नवी. पैशांत थोडा वाटा माझाही मागतो आहे. फोनवर त्याचं एकच पालुपद असतं, "मामू, कितने हॉर्सपॉवर की लेना?"

मी भाषा शिकवतो, यंत्रं नाही. तरी पैसे घालायचे म्हणून वाचून काढलं.

वेकबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच रुंद फळीला बांधून, सुमारे 20 मीटर लांब दोरी धरून बोटीमागे जायचं असतं. वेग ताशी 30 ते 38 किलोमीटर. बोटीमागे जी लाट उठते, तिच्यावरून उडी मारायची, हा खेळाचा जीव. म्हणजे इथे नुसता वेग कामाचा नाही, लाट हवी; आणि लाटेसाठी बोट वजनदार हवी. म्हणून या खेळाच्या खास बोटींत पाण्याच्या टाक्या भरून वजन वाढवतात. इंजिन बोटीच्या आत असतं आणि पंखा पोटाखाली. आउटबोर्ड मोटर मागच्या फळीवर टांगलेली असते, तिचा पंखा मागे उघडा असतो. तिच्यावरही हा खेळ होतो, पण पाण्यात पडलेल्या माणसाजवळ बोट नेली की इंजिन बंद करायलाच हवं. ओढायची दोरीही मोटरला बांधायची नसते. त्यासाठी बोटीवर उंच, पक्का खांब लागतो.

मोटर निवडताना बोट, पेट्रोल, चालक, मागे नजर ठेवणारा आणि दोरीवरचा माणूस, सगळ्यांचं वजन धरावं लागतं. मोटर कमजोर पडली तर बोट नाक वर करून पाणी ढकलत राहते, वर उठून धावतच नाही. फार मोठी घेतली तर बोटीचं मागचं अंग दबतं आणि ती हाताबाहेर जाऊ शकते. बनवणारा बोटीवर जी पट्टी लावतो, तिच्यावर माणसं, वजन आणि हॉर्सपॉवर यांची मर्यादा असते. जुन्या बोटीवर ती पट्टी नसेल, तर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय सौदा करू नये. मोटरच्या दांड्याची लांबी, 15 इंच की 20, बोटीच्या मागच्या फळीच्या उंचीशी जुळावी लागते. पंख्याच्या पात्यांचा पीच गिअरसारखा असतो. कमी पीच जोर देतो, जास्त पीच वेग. ओढायच्या कामाला कमी पीच बरा. हे भाच्याला एका वाक्यात समजलं.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर मात मी अडून बसलो. टू-स्ट्रोक हलकी असते, पण जुन्या पद्धतीच्या मोटरीत न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल पाण्यात जातं. अमरावती शहर याच धरणाचं पाणी पितं.

यंत्राचा हिशेब इथे संपतो. 14 सप्टेंबर 2021 ला वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून 11 जणांचा जीव गेला. त्याच नदीवर, वरच्या अंगाला की खालच्या, याने काय फरक पडतो? 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या बोटीत 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या. बोटीत मर्यादेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तेव्हापासून सहलीच्या परवानगीच्या कागदावर सही करताना माझा हात थांबतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. तिथे तर चालवणारेही प्रशिक्षित होते.

कोकणात बोटीच्या मालक-चालकाला नाखवा म्हणतात. हा शब्द फारसीतल्या नाखुदाचा. नाव आणि खुदा, म्हणजे नावेचा धनी. सुकाणू शब्दही अरबी सुक्कानवरून आला. खलाशांनी समुद्रामार्गे आणलेले हे शब्द आज वऱ्हाडातल्या शाळेच्या पुस्तकातही आहेत. त्या शब्दात हॉर्सपॉवर कुठेच नाही, जबाबदारी आहे.

म्हणून माझा वाटा मी या क्रमाने देणार आहे. पहिले पैसे गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेतल्या बोट चालवण्याच्या आणि जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाला. 1990 पासून ही संस्था तेच काम करते. मग प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, आणि चालकाच्या मनगटाला अडकवायची दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं. मग अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 प्रमाणे बोटीची तपासणी आणि नोंदणी. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, खुंट आणि खडक वर येतात. त्यासाठी तिथल्या भोई माणसाला पगार देऊन सोबत घ्यायचं. मोटर सगळ्यात शेवटी.

भाचा म्हणतो, एवढ्यात तर सीझन निघून जाईल. जाऊ दे. पाणी पुढच्या पावसाळ्यातही येईल.