टपावरची माणसे

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर मांडलेली चांदीची आगगाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मद्य आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांसमोरून फिरे. कोणी सुरई उचलली की थांबे, परत ठेवली की पुढे चालू लागे. घरी दक्षिणेकडून नातलग आले की आम्ही लष्करवासी त्यांना ती दाखवावयास नेतो. परंतु आमचा जीव जडला तो माधवराव महाराजांच्या दुसऱ्या गाडीवर. दोन फुटी रुळांची ती ‘छोटी लाईन’ 1909 साली श्योपूरला पोचली. अंतर सुमारे 200 किलोमीटर, आणि प्रवासास जवळजवळ अख्खा दिवस.

1985 साली आमची नेमणूक सबलगढला झाली, तेव्हापासून या गाडीशी आमचा परिचय. नातवाला तिच्यातून एकदा हिंडवून आणावे, असे मनात होते. ‘निवृत्त झालो की जाऊ’ असे म्हणत राहिलो. 2018 च्या जूनमध्ये निवृत्त झालो. मग उन्हाळा फार, मग पाऊस फार, मग लग्नसराई. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि गाडी थांबली ती कायमची. मार्गाच्या रुंदीकरणात जुने रूळ उखडले गेले. आमच्या हाती एकवीस महिने होते. दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

त्या रिकाम्या दिवसांत आम्ही छोट्या आगगाड्यांच्या छंदाविषयी वाचू लागलो. मोठमोठी माणसे खेळण्यांत का रमतात, हे कोडे होते. 1891 साली जर्मनीच्या मर्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत रुळांची ठरावीक मापे मांडली आणि या छंदाचा पाया घातला गेला. मापे ठरल्यामुळे या वर्षी इंजिन, पुढच्या वर्षी दोन डबे, नंतर सांधे आणि स्थानक, असा संसार वाढवता येऊ लागला. 1910 साली लंडनमध्ये या छंदिष्टांचे मंडळही स्थापन झाले. पुढे रूढ झालेल्या ‘एचओ’ मापात प्रत्येक वस्तू मुळाच्या सत्त्याऐंशीवा भाग असते. आम्ही हिशेब मांडला. दोन फुटी रूळ सात मिलिमीटरांवर येतात, हे ठीक. पण 200 किलोमीटरांचे होतात सव्वादोन किलोमीटरांहून अधिक! एवढी खोली कोणाची?

या कोड्याचे उत्तर आम्हांस पुण्यात भाऊ जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात मिळाले होते, ते तेव्हा उमगले नव्हते. 1998 साली खुल्या झालेल्या त्या दालनात गाड्यांइतकीच भोवतालच्या वस्तीची गंमत आहे. अंतर कापून टाकायचे आणि जे आठवते ते ठेवायचे, हीच या कलेची रीत. आम्ही श्योपूर सोडले, ग्वाल्हेरही सोडले. केवळ सबलगढचे स्थानक घेतले. पुठ्ठ्याची इमारत, एक कडुनिंब, चहावाल्याची शेगडी, एक इंजिन, चार डबे. रूळ तारेचे, गाडी न चालणारी. सौभाग्यवतींनी पाटाएवढी जागा दिली. काम दोन वर्षे चालले.

गाडी पाहून नातू म्हणाला, “आजोबा, फोटोत तर टपावर माणसं बसली आहेत. यात कुठे आहेत?”

आम्ही निरुत्तर झालो. टपावरील प्रवास नियमबाह्य. आम्ही स्वतः त्याविरुद्ध किती कागद रंगवले असतील! जुन्या सवयीने टप स्वच्छ ठेवले होते. पण त्या माणसांवाचून ती छोटी लाईन नव्हेच. गठुळी, दुधाचे डबे, शेळ्या यांसह सारा मुलूख त्या टपांवर बसून जाई.

सध्या संध्याकाळी आम्ही दोघे एम-सीलची माणसे वळतो. बसलेला माणूस जेमतेम एक सेंटिमीटर. साफा रंगवताना आमचा हात कापतो, तेव्हा ब्रश तो घेतो. चौतीस झाली आहेत. त्यांतील एक त्याने स्वतःसाठी राखून ठेवले आहे आणि पहिल्या डब्याच्या टपावर, इंजिनालगत, जागाही मुक्रर केली आहे. आमची हरकत नाही.