रिकामी बशी

बॉस्टनला डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारासच दिवस मावळतो. घड्याळात दुपार असते आणि खिडकीत तिन्हीसांजा. तिन्हीसांजेला तान्ह्या बाळाला बाहेर काढू नये, हे माझ्या आजीनं मला पक्कं शिकवलेलं. पण तो नियम इथे पाळायचा तर पोरगं मार्चपर्यंत घरातच राहील. म्हणून नातवाला तीन थरांत गुंडाळून, बाबागाडीवर प्लॅस्टिकचं आवरण ओढून आम्ही मायलेकी निघतो. डॉक्टरीणबाई काजळाला नको म्हणाल्या आहेत. मी कानामागे बारीकसा ठिपका लावते. लेकीला दिसतो, पण ती बोलत नाही.

पार्क स्ट्रीट स्टेशनातून वर आलं की आधी पायांना कळतं ते मीठ. बर्फ गोठून कुणी घसरू नये म्हणून फुटपाथवर जाडं मीठ टाकतात, ते बुटांखाली करकरतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणाचं पोतं फुटलं. कोपऱ्यावर तिपाईला लाल भांडं टांगून साल्व्हेशन आर्मीचा एक म्हातारा घंटी वाजवत असतो; आरतीची नव्हे, शाळा सुटल्याची लय. समोर बॉस्टन कॉमन, १६३४ सालापासूनचं मैदान. टेकाडावर स्टेट हाऊसचा सोनेरी घुमट. उन्हाळ्यात पोरं डुंबतात त्या फ्रॉग पॉन्डचा आता बर्फ झालेला, त्यावर स्केट घालून माणसं गोल गोल फिरतात. नवशिके कडेचा कठडा सोडत नाहीत. मी बघायला उभी राहते ती त्यांच्यासाठीच, छान घसरणाऱ्यांत बघण्यासारखं काही नसतं.

आणि झाड. चार मजली चाळीइतकं उंच, खालपासून वरपर्यंत दिव्यांनी मढवलेलं. खरं सांगायचं तर मला दिवे लागण्याआधीचं झाडच जास्त आवडतं, दुपारी तीनच्या करड्या उजेडातलं, थोडं अवघडलेलं, मांडवात उभ्या केलेल्या नवऱ्या मुलासारखं. दिवे लागले की झाड दिसेनासं होतं, नुसते दिवे उरतात. आमच्याकडे गणपतीचंही हेच झालंय, पण तो विषय नको.

लेक म्हणाली, "आई, हे झाड इथलं नाही. कॅनडाहून येतं, नोव्हा स्कोशियातून. दर वर्षी."

"का? इथे झाडं नाहीत?"

इथे झाडंच झाडं आहेत. मेन, व्हर्माँट, न्यू हॅम्पशर, नुसती सूचिपर्णी जंगलं. तिथे हजाराहून जास्त किलोमीटर ट्रकवर आडवं बांधून झाड आणायचं म्हणजे रत्नागिरीला हापूस नेऊन विकण्यासारखं. लेकीनं जाता जाता कारण सांगितलं आणि तिला कुणाचा तरी फोन आला. मी मात्र तिथेच अडकले.

एक गंमत आधी सांगते. याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करणं गुन्हा होता. प्युरिटन लोकांना तो सण बायबलात सापडेना. काम बंद ठेवलं किंवा मेजवानी केली तर पाच शिलिंग दंड. कायदा गेला तरी नाताळाची सरकारी सुट्टी मिळायला १८५६ उजाडलं. आता त्याच गावात नोव्हेंबरपासून दुकानांच्या काचांत खोटा बर्फ पडतो आणि डाउनटाउन क्रॉसिंगच्या लाल विटांवरून माणसं खांद्याला पिशव्या अडकवून पळत असतात. २००५ साली तर या झाडाला 'ख्रिसमस ट्री' म्हणायचं की 'हॉलिडे ट्री', यावरून भांडण झालं. झाड देणारा कॅनडातला माणूस म्हणाला, हे आधी ठाऊक असतं तर मी त्याचा भुसा केला असता. मला तो माणूस आवडला.

झाड येतं त्याचं कारण असं. ६ डिसेंबर १९१७. पहिलं महायुद्ध चालू. नोव्हा स्कोशियाच्या हॅलिफॅक्स बंदरात, खाडी अरुंद होते त्या जागी, दारूगोळ्यानं ठासून भरलेलं 'माँ ब्लाँ' हे फ्रेंच जहाज आणि 'इमो' हे नॉर्वेचं जहाज एकमेकांवर आदळली. आग लागली. सकाळची वेळ, मुलं शाळेला निघालेली. धूर बघायला माणसं खिडक्यांशी येऊन उभी राहिली, काचेला नाक लावून. आत काय भरलंय ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. नऊ वाजून चार-पाच मिनिटांनी जहाज फुटलं. रिचमंड नावाची अख्खी वस्ती गेली. सुमारे दोन हजार माणसं मेली, नऊ हजारांच्या आसपास जखमी झाली, आणि खिडक्यांशी उभ्या होत्या त्यांतल्या कितीकांचे डोळे काचांनी गेले. रेल्वेचा एक तारमास्तर होता, व्हिन्स कोलमन. त्याला जहाजात काय आहे ते कळलं होतं, तो निघालाही होता, पण प्रवाशांची गाडी येतेय हे आठवून परत फिरला. गाडी थांबवा, हा माझा शेवटचा संदेश असावा, अशा अर्थाची तार त्यानं ठोकली. तो त्यातच गेला.

बॉस्टनला खबर लागली तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरनं हॅलिफॅक्सच्या महापौरांना तार केली. उत्तर आलं नाही, तारा तुटलेल्या. त्यानं वाट पाहिली नाही. त्याच रात्री दहा वाजता डॉक्टर, परिचारिका आणि सामान घेऊन गाडी सुटली. वाटेत हिमवादळानं अडवलं, तरी ८ तारखेच्या सकाळी पोचली. आपल्याकडे "काही लागलं तर सांगा हं" म्हणतात. मीही म्हणते, जिना उतरता उतरता, समोरचा सांगणार नाही याची खात्री असते तेव्हा.

माझ्या घरातही एका जहाजाची गोष्ट होती.

आजी-आजोबा मुंबईत मांडवीच्या चाळीत राहायचे, आजोबा तिथेच धान्याच्या पेढीवर कारकून. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलेलं, पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी, शिवाय सोन्याच्या विटा. कापूस आणि दारूगोळा शेजारी शेजारी; आमच्या आजीनं काडेपेटी आणि रॉकेल एका फळीवर ठेवू दिलं नसतं. हे जहाजही कॅनडातच बांधलेलं, पण पार दुसऱ्या किनाऱ्याला, ब्रिटिश कोलंबियात. हे मला इथे येऊन कळलं, आजीच्या गोष्टीत जहाजाला नावच नव्हतं. ती 'बोट' म्हणायची.

आजी दाणे भाजत होती. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला धडाका झाला आणि फळीवरचे पितळी डबे एकामागोमाग एक खाली आले. तिला आधी वाटलं, मांजर. मग वाटलं, जपानी आले. साऱ्या मुंबईला तेच वाटलं. युद्धामुळे वर्तमानपत्रांवर पहारा, खरं काय ते सांगायला कुणी नाही. आजी दोन पोरांना घेऊन जिना उतरली. अर्ध्या तासानं दुसरा धडाका झाला तेव्हा ती रस्त्यात होती, आभाळातून पेटलेला कापूस पडत होता. कापूस पडताना सुंदर दिसत होता, असं ती म्हणायची, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायची.

मंगळसूत्र, पैसे, पोरांची कापडं, काहीही घेतलं नव्हतं. हातात फक्त दाणे परतायचं उलथनं. गिरगावपर्यंत ती ते घट्ट धरून चालत गेली. खोताच्या वाडीत एका लाकडी घराच्या पायरीवर बसली, कारण धाकट्याला उचलून पुढे जाणं शक्य नव्हतं. घर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबाचं. बाई बाहेर आल्या. त्यांनी पोरं बघितली, काजळीनं माखलेलं लुगडं बघितलं, मग उलथनं बघितलं आणि काहीही न विचारता तिला स्वयंपाकघरात नेलं. आजोबा तिसऱ्या दिवशी शोधत शोधत आले. त्या घरात ही माणसं अकरा दिवस राहिली.

त्याआधी आजीनं परजातीच्या घरचं पाणीही घेतलेलं नव्हतं. त्या अकरा दिवसांत काय काय खाल्लंस, असं मी एकदा विचारलं. "भूक," म्हणाली. सोवळ्याची गोष्ट तिनं पुढे काढली नाही. मात्र सोन्याच्या विटांची चौकशी ती आयुष्यभर करत राहिली. त्या विटा उडून कुठे कुठे पडल्या होत्या, एका पारशी गृहस्थाच्या घरात पडलेली त्यानं सरकारला परत केली म्हणतात, आणि गोदीचा गाळ काढताना पुढे कितीतरी वर्षं अधूनमधून सापडत राहिल्या. पेपरात तसं आलं की आजी म्हणायची, "आमच्या वाट्याला उलथनं."

पुढच्या मे महिन्यात तिनं त्या घरी एक डझन हापूस पाठवला. त्यांनी टोपली रिकामी परत दिली नाही, नाताळात भरून धाडली. कलकल, नेवऱ्या, पेरूचं चीज. मग आजीला भांडं परत पाठवायचं, तेही रिकामं कसं पाठवायचं? शेजारणीची वाटी परत करताना आपण निदान चिमूटभर साखर घालतोच. असं ते सुरू झालं आणि कुणालाच थांबवता येईना. मे महिन्यात आंबे, डिसेंबरात फराळ. आभार हा शब्द दोन्हीकडून एकदाही निघाला नसावा.

लहानपणी मी आजीबरोबर वाडीत जायची. दारोदारी कागदी चांदण्या टांगलेल्या, आत दिवा. मला वाटायचं, या लोकांनी दिवाळीचा कंदील अजून उतरवला नाही, आळशी आहेत. पोरांनी पेंढ्याचा गोठा केलेला असायचा, त्यात बाळ येशूच्या शेजारी प्लॅस्टिकचा वाघही असायचा. बाई आजीशी मराठीच बोलायच्या, पण त्या मराठीला वेगळा हेल, शब्द ओढून सोडल्यासारखे. दोघी बोलत काय होत्या? गुडघे. फक्त गुडघे. १४ एप्रिलचं नाव मी त्या घरात ऐकलं नाही. शहराला ती तारीख आठवते, त्या आगीत गेलेल्या ६६ अग्निशामक जवानांसाठी देशभर त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या दोघींना गुडघे पुरत होते.

आजी १९७८ला गेली. आईनं पुढल्या मे महिन्यात आंबे पाठवले. १९७९च्या नाताळात त्यांच्याकडून बशी आली, पांढरी चिनी मातीची, काठाला निळ्या पानांची वेल, वरून विणलेला रुमाल. १९८०च्या मे महिन्यात आमचं डोंबिवलीला घर बदलणं निघालं होतं, हापूस महागला होता, आणि बाबा म्हणाले, "किती वर्षं चालवायचं हे?" कुणी उत्तर दिलं नाही. बशी सामानाबरोबर डोंबिवलीला आली. दहा-बारा वर्षांनी मी वाडीत गेले तर त्या घराच्या जागी सिमेंटची इमारत होती. गुरख्याला कुटुंबाचं नाव सांगितलं. त्याला ते नावच नीट उच्चारता येईना.

म्हणून त्या झाडाखाली मी मनात हिशेब करत उभी राहिले. कारण नोव्हा स्कोशियाचंही असंच झालं होतं. १९१८ साली त्यांनी त्या मदतीबद्दल बॉस्टनला एक झाड पाठवलं, आणि मग काही नाही. ५३ वर्षं! १९७१ साली लुनेनबर्ग परगण्यातल्या ख्रिसमस झाडांच्या बागायतदारांनी पुन्हा सुरू केलं, त्यात आपल्या झाडांची जाहिरात व्हावी हाही हेतू होताच. आजीही डझन घेताना आंबेवाल्याशी हुज्जत घालायची आणि एक वर मागून घ्यायची. आता ते काम तिथलं सरकार बघतं. झाड सहसा बागेतलं नसतं, कुणाच्या तरी घरामागचं, वर्षानुवर्षं वाढलेलं असतं. उंच हवं, भरदार हवं, सगळ्या बाजूंनी सारखं हवं. चहा-पोह्यांना मुलगी बघायला आल्यासारखे अधिकारी फिरतात, आणि पसंती आली की घरच्यांना अभिमान वाटतो. तोडायच्या दिवशी शाळेची मुलं येतात, बॅगपाइप वाजतात.

त्यांचा खंड ५३ वर्षांचा. आमचा ४५ झालाय.

नातू जागा झाला. आवरणाआडून त्याला दिवे दिसत असावेत, डोळे विस्फारून बघत होता. डोळे दिव्यांसारखेच, कुठे स्थिर नाहीत. लेक म्हणाली, चल, हात गारठले. ट्रेमाँट स्ट्रीटवर सहाची गर्दी होती, घंटीवाल्या म्हाताऱ्याच्या भांड्यात मी एक डॉलर टाकला. तो काहीतरी म्हणाला, मला कळलं नाही, मी मान हलवली.

घरी येऊन डोंबिवलीला फोन लावला. तिथे पहाट होती. भाऊ झोपेतून उठून घाबरला, आधी बाळाचंच विचारलं. बाळ ठीक आहे, म्हटलं, ती बशी आहे का रे, निळ्या वेलीची, वाडीतली?

"आहे की."

"फुटली नाही ना?"

"कड गेलीय थोडी. गॅलरीत असते. मांजराला दूध देतो तिच्यात."

धुऊन वर ठेव, म्हटलं. आणि मांजराला दुसरं काहीतरी बघ.