बिटाची ब्राउनी

आमच्या घरी बीट या कंदाला कधीच मान मिळाला नाही. ह्यांना त्याचा रंग पानात पसरलेला खपत नाही, चिरंजिवांना त्याचा मातकट वास सोसत नाही, आणि आमच्या सात वर्षांच्या नातीने तर ताटात बिटाची कोशिंबीर दिसली की शेजारचा वरणभातही नाकारावयाचा, असा नेमच करून टाकला होता. दुधी, दोडका, पडवळ यांच्याशी तिचे वैर होतेच. परंतु त्या सर्व शत्रुपक्षाचा सेनापती बीट!

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिला वरचेवर सर्दी-ताप येऊ लागला, म्हणून रक्त तपासले. हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले. डॉक्टरांनी औषध दिले, आहारात लोह वाढवावयास सांगितले आणि दोन महिन्यांनी पुन्हा दाखवावयास सांगितले. सूनबाईंनी सगळे नीट लिहून घेतले. आम्ही मात्र ‘रक्त कमी आहे’ एवढेच ऐकले, आणि आमच्या डोळ्यांसमोर तात्काळ बीट उभे राहिले. लाल ते रक्त वाढवणारे, ही समजूत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिची शहानिशा करावी, असे कधी मनातही आले नव्हते.

सूनबाईंची रीत वेगळी. मुलीच्या ताटात भाजीची एक फोड वाढायची, तिचे नाव सांगायचे, चव घेऊन पाहा म्हणायचे, आणि नको असेल तर राहू द्यायचे. आम्हांला ही रीत फार संथ वाटे. फोड रोज ताटात येई आणि रोज तशीच परत जाई. मुलाबाळांना खाऊ घालण्यात आमचे उभे आयुष्य गेलेले. आमच्या हातून हे मूल हिरमुसलेले, फिकट राहावे, हे आम्हांला कमीपणाचे वाटू लागले. कमीपणा वाटू लागला, की माणूस युक्ती शोधतो.

युक्ती सापडली ती नातीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला. तिथून परत आल्यावर नात दोन दिवस ब्राउनीचे गुणगान करीत होती. हा पदार्थ मूळचा अमेरिकेचा. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांच्या पाकशास्त्राच्या पुस्तकाच्या १९०६ सालच्या आवृत्तीत चॉकलेटच्या ब्राउनीची कृती आढळते. म्हणजे वयाने ती आमच्या आजीच्या बरोबरीची; आमच्या रामबागेतल्या स्वयंपाकघरात मात्र उशिरा पोहोचली. केक फुलून हलका व्हावा लागतो, ब्राउनीने मात्र दडस आणि ओलसर राहावयाचे असते. या ओलसरपणासाठी काही जणी तिच्यात शिजवलेले बीट घालतात, असे आमच्या कानावर आले होते. कोकोचा गडद रंग बिटाचा लाल रंग गिळून टाकतो आणि कोकोचा उग्र वास बिटाचा मातकट वास झाकतो. आणखी काय हवे? ह्यांना सियागंजला पाठवून कोको आणि अक्रोड आणवले, आणि मुलगी शाळेत व सूनबाई नोकरीवर गेल्याचा मुहूर्त साधून आम्ही कामाला लागलो.

ज्यांना करून पाहावयाची असेल त्यांच्यासाठी कृती येथेच देतो. कारण दोष कृतीत नव्हता. दोन मध्यम बिटे सालासकट, देठाचा बोटभर तुकडा ठेवून कुकरमध्ये शिजवावीत. आधी चिरली तर रंग व गोडी पाण्यात उतरते. निवल्यावर साल काढून, पाणी न घालता बारीक वाटावीत. हा गोळा एक कप भरावा. अर्धा कप लोणी व शंभर ग्रॅम गडद चॉकलेट गरम पाण्यावर विरघळवून त्यात एक कप पिठीसाखर, पाव कप दही, थोडा व्हॅनिला अर्क आणि बिटाचा गोळा घालावा. एक कप मैदा, अर्धा कप कोको, अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात हलक्या हाताने मिसळावे. फार घोटू नये, नाही तर ब्राउनी चिवट होते. मूठभर अक्रोड घालून, लोणी लावलेल्या वीस सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात ओतून, तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. सुरी घालून पाहिल्यास तिला ओले पीठ लागू नये, पण ओलसर कण लागावेत. सुरी अगदी कोरडी निघाली तर पाच मिनिटे उशीर झाला असे समजावे. पूर्ण निवाल्याशिवाय वड्या पाडू नयेत.

ओलसरपणाचे कारण साधे आहे. शंभर ग्रॅम बिटात सुमारे सत्याऐंशी ग्रॅम पाणी असते, आणि त्यातील तंतू ते पाणी भाजतानाही बरेचसे धरून ठेवतात. शिवाय त्याला स्वतःची गोडी असते. बर्लिनच्या मारग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ साली बिटातून काढलेली साखर उसाच्या साखरेसारखीच असल्याचे दाखवून दिले होते.

संध्याकाळी नातीने पहिली वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. “आजी, तुझी ब्राउनी वाढदिवसाच्या ब्राउनीपेक्षा भारी आहे!” आमचा आनंद गगनात मावेना. त्या आनंदात पदार्थ जमल्याचा भाग थोडा होता आणि तिला फसवता आल्याचा भाग मोठा होता, हे आज कबूल करतो. सूनबाईंनी कौतुकाने कृती विचारली. आम्ही लोणी सांगितले, कोको सांगितला, अक्रोड सांगितले. बीट तेवढे गिळले. त्या मुलीला सांगून टाकतील, अशी आमची खात्री होती. पुढे दर रविवारी ब्राउनी होऊ लागली.

चौथ्या की पाचव्या रविवारी नातीने एकामागून एक चार वड्या खाल्ल्या. सोमवारी सकाळी न्हाणीघरातून तिची हाक आली, “आई, लवकर ये!” सूनबाई धावल्या आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने बाहेर आल्या. मुलीच्या लघवीला लाल रंग होता.

घर हादरून गेले. आधीच रक्त कमी, त्यात हे! चिरंजिवांनी गाडी काढली. आम्हीही सोबत गेलो. वाटेत मुलीचा हात आमच्या हातात होता आणि ओठांवर रामरक्षा होती. खरे सांगावयाचे तर तोपर्यंत बिटाची आठवणही आम्हांला झाली नव्हती. भय माणसाला आठवू देत नाही.

डॉक्टरांनी मुलीला तपासले. ताप नाही, वेदना नाही, सूज नाही. मग त्यांनी विचारले, “काल बीट वगैरे काही खाल्लं होतं का?”

“छे हो!” सूनबाई म्हणाल्या, “बिटाला ती हातसुद्धा लावत नाही.”

त्या क्षणी आम्हांला सगळे उमगले. आणि वाचकहो, लाज वाटते सांगावयास, आम्ही गप्प राहिलो. जीभ टाळूला चिकटली म्हणा, की सुनेपुढे खोटे पडण्याची भीती वाटली म्हणा. डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते कागदावर लिहू लागले: लघवीची तपासणी, पुन्हा रक्त काढणे, पोटाची सोनोग्राफी. ‘रक्त काढणे’ हे शब्द ऐकताच मुलीने आमचा हात घट्ट धरला. “आजी, सुई टोचणार का गं?”

तेव्हा कुठे आमचे तोंड उघडले. “डॉक्टरसाहेब,” आम्ही म्हणालो, “तिनं बीट खाल्लं आहे. चार वड्या भरून खाल्लं आहे. आम्हीच घातलं होतं.”

डॉक्टर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. लेखणी खाली ठेवून त्यांनी समजावून सांगितले. बिटातला लाल रंग काही जणांच्या अंगात पुरता मोडत नाही आणि लघवीवाटे बाहेर पडतो. दहांतल्या एखाद्याला असे होते, आणि ज्यांच्या शरीरात लोह कमी असते त्यांच्यात ते अधिक आढळते. त्यात धोका काहीच नाही. लघवी मात्र त्यांनी एकदा तपासून घेतली. तीत रक्त नव्हते. बाकीच्या दोन्ही तपासण्या त्यांनी खोडल्या. मग ते आम्हांला म्हणाले, “आजी, बरं झालं बोललात. माणसाच्या पोटात काय गेलंय हे आम्हांला घरच्यांच्या तोंडूनच कळतं.”

जाता जाता आमचा शेवटचा आधारही त्यांनी काढून घेतला. बिटाचा लाल रंग लोहाचा नव्हेच! शंभर ग्रॅम बिटात लोह जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. त्यापेक्षा अळीव, नाचणी, हरभरे, पालेभाज्या द्याव्यात आणि वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. हे सारे सूनबाईंच्या वहीत पूर्वीच लिहिलेले होते.

घरी आल्यावर सूनबाईंनी आवाज चढवला नाही. रात्री भांडी आवरताना त्या एवढेच म्हणाल्या, “आई, उद्या तिनं आपल्यापासून काही लपवलं आणि ‘तुमच्या भल्यासाठीच लपवलं’ असं म्हणाली, तर आपण तिला काय सांगायचं?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

परंतु खरी शिक्षा नातीने केली. ती रडली नाही, रुसली नाही. दुसऱ्या दिवशी दुधाचा पेला पुढे केला तर तिने आत डोकावून विचारले, “आजी, यात काय आहे?” वरण वाढले, “यात काय आहे?” संकष्टीला नैवेद्याचा मोदक हातावर ठेवला, तो तिने मोडून आतले सारण निरखले आणि मग आईकडे पाहिले. आईने मान हलवली तेव्हा खाल्ला. आमच्या हातचा घास तिने आजवर डोळे मिटून खाल्ला होता. आता ती डोळे उघडे ठेवून खात होती. एका बिटापायी आम्ही केवढे मोल मोजले, हे त्या मोदकाने आम्हांला सांगितले.

त्या दिवसांत आम्हांला आमच्या आईची फार आठवण आली. ती रत्नागिरीकडून लग्न होऊन इंदुरात आली, आणि सोबत धोंडस घेऊन आली. जून काकडी किसायची, तांदळाचा रवा भाजून घ्यायचा, गूळ, खोबरे, वेलची घालून सारे शिजवायचे, आणि मग जाड बुडाच्या पातेल्यात घालून खाली-वर निखारे ठेवून खरपूस भाजायचे. गोव्याकडे यालाच तवसळी म्हणतात. विचार केला तर हा आमचा जुना केकच की! त्याचा ओलावाही भाजीचाच. पण आई काकडी लपवीत नसे. किसणी आमच्याच हातात देई. “काकडीचं धोंडस करायचंय, चला” असे म्हणूनच आरंभ होई. भोपळ्याच्या घारग्यांत भोपळ्याचे नाव पुढे असते, दुधीच्या हलव्यात दुधीचे, गाजराच्या हलव्यात गाजराचे. आमच्या माळव्यातला भुट्ट्याचा कीसही नावानिशीच पानात येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात साखरेचे रेशनिंग झाले, तेव्हा तिथल्या सरकारने गोड पदार्थांत गाजर घालावयास सांगितले ते उघड जाहिराती करून. भाजी पदार्थात मुरवणे ही जुनी कला आहे. खाणाऱ्यापासून तिचे नाव चोरणे, ही भर आम्ही घातली होती.

पुढे एका रविवारी आम्ही दोन बिटे धुऊन ओट्यावर ठेवली आणि नातीला हाक मारली. “आज बिटाची ब्राउनी करायची आहे. येतेस?” ती दारात थबकली. बराच वेळ बिटांकडे पाहत राहिली. मग पाट घेऊन आली आणि ओट्याशी उभी राहिली. शिजलेल्या बिटाचे साल तिनेच काढले. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले. वाटलेला गोळा नाकाशी नेऊन ती म्हणाली, “पाऊस पडल्यावर अंगणात येतो ना, तसला वास येतोय.” तिचे नाक बरोबर होते. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो त्यात जिओस्मिन नावाचे एक द्रव्य असते, आणि तेच बिटातही असते. आम्ही आयुष्यभर त्या वासाला नाक मुरडले. तिने त्याचे मूळ एका हुंगण्यात सांगितले.

वड्या निवल्यावर तिने एक उचलली, अर्धी खाल्ली, थोडी थांबली. “कळतंय गं बीट. पण चालेल.” मग उरलेली अर्धीही खाल्ली. कोशिंबिरीतले बीट ती आजही खात नाही, आणि आम्ही आता आग्रह करीत नाही. अळिवाचे लाडू मात्र, काय काय घातले ते स्वतः मोजून घेऊन, खाते. सूनबाईंची ती एक फोड अजून ताटात येते. गेल्या महिन्यात दोडक्याची एक परत गेली नाही.

दोन महिन्यांनी दाखवावयास गेलो तेव्हा हिमोग्लोबिन सुधारले होते. निघताना नातीने पिशवीतून एक छोटा डबा काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी झाकण उघडून वडी उचलली, तोच तिने त्यांचा हात धरला.

“थांबा हं काका,” ती म्हणाली, “खाण्याआधी सांगते. यात बीट आहे.”