मंगळाचा माती परीक्षण अहवाल

काल रात्री मोटार चालू करून बांधावर बसलो होतो. पुतण्या म्हणाला, "काका, सगळे मंगळावरच का जायचं म्हणतात? शुक्र तर त्याहून जवळ येतो."

येतो खरा. पण तिथं ४५० अंशांच्या पुढं तापमान, हवेचा दाब आपल्या ९० पट. १९८२ ला सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा-१३ यान उतरलं, १२७ मिनिटं टिकलं. विषय संपला.

मंगळावर थंडी मरणाची, हवा नावापुरती. पण दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, जमिनीखाली बर्फ. आणि २००८ मध्ये फिनिक्स यानानं तिथली माती चक्क पाण्यात कालवून तपासली! सामू ७.७, म्हणजे आपल्या काळ्या रानासारखाच. मी खूश. पुढं वाचलं तर साधारण अर्धा टक्का परक्लोरेट. थायरॉईड बिघडवणारा क्षार. पाण्यात विरघळतो, म्हणजे धुऊन निघेल. पण तेवढं पाणी आणायचं कुठनं, आणि धुतलेलं सोडायचं कुठं?

माझे खालचे २० गुंठे क्षारानंच पांढरे पडलेत. तीन वर्षं सोयाबीन उगवतंय अन् जळतंय. पाणी माझ्याकडं आहे, निचरा नाही. चर शेजाऱ्याच्या रानातनं न्यावा लागतो, तो अजून हो म्हणाला नाही. उद्या सकाळी परत जातोय त्याच्याकडं.